मॅग्नेपॅन एलआरएस या सपाट, पातळ पॅनेल स्पीकरला वेगळं बास पॅनेल (फक्त खालच्या स्वरांसाठीचं) जोडून खरंच फरक पडतो का?

पडतो, पण खोल बाससाठी नाही. खरा फायदा साधारण 50 ते 200 हर्ट्झच्या पट्ट्यात होतो. तबल्याचा बायाँ, डबल बास, पुरुषी आवाजाचा खर्ज भरीव वाटू लागतो.

कारण असं: पॅनेलला खोकं नसतं. पुढची आणि मागची लाट उलट फेजमध्ये असते (एक हवा ढकलते तेव्हा दुसरी ओढते), आणि खालच्या स्वरांत त्या कडेवरून वळून एकमेकींना खातात. एलआरएस जेमतेम 37 सेंमी रुंद, त्यामुळे तोटा लवकर सुरू होतो. भरपाईला आवाज काढणारा पातळ पडदा जास्त हलवावा लागतो. आवाज वाढवला की तो चुंबकांवर आपटून फटफटतो. बास पॅनेलने क्षेत्रफळ वाढतं; तितक्याच हालचालीत क्षेत्रफळ दुप्पट झालं, तर 6 डेसिबल जादा मिळतात.

जोडल्यावर आधी पोलॅरिटी, म्हणजे प्लस-मायनस तारांची जोडणी, तपासा. 80 हर्ट्झचा टोन लावा, नेहमीच्या खुर्चीत बसा आणि बास पॅनेलच्या तारा उलटसुलट करून बघा. जास्त आवाज येईल ती जोडणी बरोबर. बहुतेक तक्रारी इथेच मिटतात! पॅनेलच्या मागची भिंत त्याच्यापासून किमान 1 मीटर दूर हवी.

4 ओहमची दोन पॅनेलं क्रॉसओव्हरशिवाय (वरचे-खालचे स्वर वाटून देणाऱ्या सर्किटशिवाय) समांतर जोडू नका. भार 2 ओहमवर येतो आणि साधा अ‍ॅम्प्लिफायर तापून बंद पडतो.

40 हर्ट्झच्या खालचं हवं असेल तर मात्र सबवूफरच घ्या.