वंगण संपलंय, मग काढणार काय?

ऐरोलीहून एक प्रश्न आला आहे. ठाण्यात पाचपाखाडीला राहणाऱ्या आईच्या गुडघ्यातला थोडा द्रव एका अभ्यासासाठी घ्यायचा आहे. संमतिपत्रावर छापलंय, ‘सायनोव्हियल द्रवातील प्रथिनांचे विश्लेषण’. लेकीने सोपं करून सांगितलं, ‘अगं, गुडघ्यातलं वंगण तपासणार आहेत.’ त्यावर आई म्हणाल्या, ‘डॉक्टर तर म्हणाले वंगण संपलंय. मग काढणार काय?’ लेकीला विचारायचं आहे ते असं: वंगण हा शब्द इथे चुकतो का? आणि शुद्ध मराठी शब्द कोणता?

आधी आईंना दाद. पत्रक लिहिणाऱ्याला जे सुचलं नाही, ते त्यांनी एका वाक्यात पकडलं.

वंगण मुळात गाडीचं. बैलगाडीच्या आसाला ते नसलं की चाक करकरतं. जिना चढताना गुडघाही कुरकुरतो. लोकांना दोन्ही आवाज एकाच घराण्यातले वाटले आणि शब्द आसावरून गुडघ्यावर आला. मला तो आवडतो. कुठल्या परिभाषा समितीने बसवलेला नाही, कानाने जमवलेला आहे. कामापुरता खराही आहे, कारण हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा एकमेकींवर अलगद सरकते ती या द्रवामुळेच.

घोटाळा पुढे होतो. गाडीचं वंगण बाहेरून घालतात आणि संपलं की पुन्हा घालतात. सांध्यातला द्रव शरीर स्वतः तयार करत राहतं. सांध्याच्या आतल्या अस्तरातून रक्तातला पातळ भाग गाळून आत येतो, आणि अस्तराच्या पेशी त्यात आपला बुळबुळीतपणा मिसळतात. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे तिचं खाणंपिणंही मुख्यतः इथूनच. वंगण आसाला जेवू घालत नाही! आणि हे सगळं किती द्रवावर, तर निरोगी गुडघ्यात जेमतेम 3-4 मिलिलिटर. चहाचा चमचाही भरत नाही.

आता सकाळी तलावपाळीवर बसणाऱ्या कुठल्याही घोळक्याकडे कान द्या. एक म्हणतात, ‘माझं वंगण संपलं.’ शेजारचे म्हणतात, ‘माझ्या गुडघ्यात पाणी झालंय.’ कधी कधी एकच आजी एकाच गुडघ्याबद्दल दोन्ही सांगतात आणि कुणालाच त्यात विसंगती वाटत नाही. द्रव तर एकच आहे. गुडघा सुजला की तो वाढतो, आणि वाढता वाढता पातळ होतो. त्याला दाटपणा देणारी हायलुरोनॅन नावाची साखरेची लांबच लांब साखळी तुटून आखूड होते, उरलेली जास्तीच्या पाण्यात विरळ होते. निरोगी द्रवाचा थेंब सुईच्या टोकावरून सोडला तर एकतारी पाकासारखी तार धरतो. सूज जितकी जास्त, तितकी तार लवकर तुटते. म्हणजे वंगण संपत नाही, वंगणाचं पाणी होतं. आयुर्वेदातल्या चरकसंहितेत संधिगत वाताची, म्हणजे सांध्यात शिरलेल्या वाताची, सूज हाताला वारा भरलेल्या पखालीसारखी लागते असं म्हटलंय. तिथे पखालीत वारा, आपल्या तोंडी पाणी. दोघांनी चाचपला तो गुडघाच.

तेव्हा आईंना सांगायला हरकत नाही की काढण्यापुरतं आत आहे, कदाचित हवं त्याहून जास्तच.

शुद्ध शब्दाचं म्हणाल, तर संधिस्राव, संधिरस, संधिद्रव असे तीन सुचू शकतात. ‘स्राव’ मला नको. मराठी कानाला स्राव म्हणजे जखमेतून किंवा शरीराबाहेर वाहणारं काहीतरी. संमतिपत्रावर तो वाचून माणूस सही करायच्या आधी घाबरेल. ‘रस’ म्हटलं की उसाचा, नाहीतर काव्याचा. ‘संधिद्रव’ चालेल, बोलताना ‘सांध्यातला द्रव’.

जुना शब्द हवा असेल तर आयुर्वेदाच्या वाग्भटाने कफाचे पाच प्रकार सांगितले आहेत, त्यातला सांध्यात राहणारा तो श्लेषक. श्लिष् म्हणजे चिकटणे, मिठी मारणे. एका शब्दाला दोन अर्थ चिकटले की तो श्लेष, तोही याच धातूचा. गंमत बघा, वंगण म्हणणाऱ्याला सांध्यातलं सरकणं दिसलं आणि श्लेषक म्हणणाऱ्याला धरून ठेवणं. सांध्याला दोन्ही करावं लागतं. तरी संमतिपत्रात श्लेषक लिहू नये. कफ ही त्या शास्त्राची स्वतःची कल्पना आहे, ती सुईने काढून बाटलीत भरता येत नाही. पाश्चात्त्य ‘सायनोव्हिया’चंही फार निराळं नाही. 16व्या शतकातल्या पॅरासेल्सस या वैद्याने तो शब्द शरीरातल्या पोषक रसांसाठी वापरला, सांध्यापुरता तो पुढे उरला. त्यात लॅटिन अंडं दडलंय असं सांगतात, कारण द्रव दिसतो अंड्यातल्या पांढऱ्यासारखा.

मला वंगणापेक्षा जास्त खटकतो तो ‘झीज’ हा शब्द, जो तुम्ही विचारलेला नाही. ‘गादी झिजली’ हे वाक्य ठाण्यातल्या दर दुसऱ्या घरात ऐकू येतं. चंदन झिजतं, चप्पल झिजते, उंबरठा झिजतो. झिजायला बाहेरून घासणारं काहीतरी लागतं, आणि मग दोष चालण्यावर जातो, जिन्यावर जातो, वयावर जातो. वय, वजन, जुनी दुखापत यांचा हात असतोच. पण अस्थिसंधिवातात (ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये) कूर्चा नुसती घासली जात नाही. सांध्यातल्याच पेशींनी सोडलेली विकरे (एन्झाइम्स) तिचे धागे कापतात. अस्तर सुजतं, कूर्चेखालचं हाडही बदलतं. ही झीज कमी आणि पोखरणं जास्त.

आईंच्या गुडघ्यातून द्रव घेतात तो हे पोखरणं वाचायला. क्ष-किरणाच्या फोटोत कूर्चा दिसतच नाही, दोन हाडांमधली फट कमी झालेली दिसते, आणि तोवर बराच उशीर झालेला असतो. द्रव मात्र कूर्चेला खेटून असतो, म्हणून तिचे कापले गेलेले तुकडे, कापणारी विकरे, सुजेचे निरोप नेणारी प्रथिने, सगळं त्यात उतरतं. ओहोटीला खाडीचा काठ बघून भरतीने काय आणलं ते ओळखावं, तसा हा प्रकार. काम सोपं नाही. द्रव इतका चिकट की बऱ्याचदा आधी एक विकर घालून तो सैल करावा लागतो. मग अल्ब्युमिनसारखी एक-दोन प्रथिने इतकी भरमसाट असतात की बारीकसारीक बाकीची त्यांच्या गर्दीत हरवतात, त्यांना बाजूला काढावं लागतं. उरलेल्यांचे तुकडे करून एक यंत्र त्यांचं वजन करतं आणि वजनावरून नाव लावतं. (त्या यंत्राला ‘वस्तुमान वर्णपटमापी’ म्हणतात. हे म्हणून होईपर्यंत नमुना वाळेल.) रोजच्या दवाखान्यात असं निदान अजून होत नाही. संशोधकांना शंका आहे ती अशी, की अस्थिसंधिवात या एका नावाखाली निरनिराळे आजार असावेत, कुणाकडे सूज पुढे, कुणाकडे दुखापत पुढे. तसं असेल तर त्यांना वेगवेगळी नावं लागतील, आणि तेव्हा आपल्यासारख्यांना पुन्हा काम.

राहता राहिलं प्रथिन. 1838 साली बर्झेलियस या रसायनशास्त्रज्ञाने मुल्डर या दुसऱ्या रसायनशास्त्रज्ञाला सुचवलेल्या ‘प्रोटीन’च्या मुळाशी ग्रीकमधलं ‘पहिलं’ आहे. मराठीत प्रथिन म्हटलं की ‘प्रथम’ ऐकू येतो. ध्वनी सांभाळून अर्थही सांभाळणारी इतकी छान घडण क्वचित होते. अडचण एवढीच की आपल्या स्वयंपाकघराने हा शब्द ताब्यात घेतला आहे. आमच्या सोसायटीतल्या एका काकूंनी ‘गुडघ्यातलं प्रोटीन बघणार’ हे ऐकलं आणि घरी जाऊन मटकी भिजत घातली.

म्हणून मी लिहिलं असतं ते असं: ‘तुमच्या गुडघ्याच्या सांध्यातला थोडा द्रव सुईने काढून, तुमच्या शरीराने तयार केलेली कोणती प्रथिने त्यात आहेत ते आम्ही पाहणार आहोत. याचा तुमच्या आहारातील प्रथिनांशी संबंध नाही.’ गुडघाच लिहायचं, ढोपर नाही. काहींचं ढोपर हाताला असतं.

तुम्ही पाठवलेल्या पत्रकाच्या फोटोत आणखी एक दिसलं. वर मथळ्यात ‘संधीवात’ छापलंय. ‘संधी’ एकटी असली की दीर्घ, समासात पुढे शब्द आला की मूळची ऱ्हस्व: संधिवात, संधिद्रव, संधिप्रकाश. दीर्घ ठेवायची फारच हौस असेल तर सरळ ‘सांधेदुखी’ लिहावं. सांधा हा संधीचाच घरचा मुलगा, आणि ठाण्याला तो परका नाही. 1853 साली बोरीबंदरहून पहिली गाडी आली ती इथेच, आणि रूळ बदलणाऱ्याला सांधेवाला म्हणतात. सही करण्याआधी मथळा दुरुस्त करून मागा.