ठाण्यात एप्रिल-मेमध्ये वळीव येणार का, हे बॅरोमीटर आणि ढगांवरून कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की कळव्यात चौदाव्या मजल्यावर बॅरोमीटर लावलाय, काटा रोज दुपारी तीनेक हेक्टोपास्कल (हवेचा दाब मोजायचं एकक) उतरतो आणि पाऊस मात्र येत नाही. यंत्र ठीक आहे. आपल्याकडे हवेच्या दाबाला रोज दोनदा भरती-ओहोटी असते: सकाळी आणि रात्री दहा-साडेदहाच्या सुमारास दाब सर्वात जास्त, पहाटे आणि दुपारी चार-साडेचारला सर्वात कमी. सूर्य वरचं वातावरण तापवतो त्यातून ही लाट उठते, पावसाशी तिचा संबंध नाही. तबकडीवर छापलेले ‘स्टॉर्मी’, ‘फेअर’ हे शब्द थंड देशांच्या हवेसाठी आहेत, ते इथे सोडून द्या.

आजचा आकडा कालच्या त्याच वेळेच्या आकड्याशी ताडा. सकाळी साडेआठ आणि दुपारी साडेचार, दोन नोंदी पुरतात. फरक एकाच्या आत असेल तर दुर्लक्ष करा, दोन किंवा जास्त असेल तर लक्ष ठेवा. सलग दोन-तीन दिवस दाब उतरत असेल तर अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र आहे का, ते हवामान विभागाच्या पत्रकात लगेच बघा. मे 2021 मधल्या तौक्तेसारख्या वादळासाठी बॅरोमीटर खरा कामाचा. मात्र एप्रिलच्या 1009 च्या आसपासून जूनपर्यंत पाचेक हेक्टोपास्कलचा संथ उतार दरवर्षीच असतो, त्याने घाबरू नका.

नोंद कायम एकाच मजल्यावर घ्या. एक मजला म्हणजे साधारण 0.35 हेक्टोपास्कल. तुमच्या घरी आकडा तळमजल्यापेक्षा पाचेकने कमीच दिसणार. मोबाइलमधला सेन्सर वापरणाऱ्यांची गडबड इथेच होते: सकाळची नोंद घरात, दुपारची रस्त्यावर. काटा जुळवायला मुंबई विमानतळाचा मेटार, म्हणजे तिथल्या हवेच्या नोंदीचा अहवाल घ्या. तो दर अर्ध्या तासाला येतो, त्यातला ‘क्यू’ अक्षरापुढचा आकडा म्हणजे समुद्रसपाटीचा दाब.

पण वळवाचा ढग दहा-पंधरा किलोमीटरचा, तो बॅरोमीटरला आधी कळत नाही. उलट तो डोक्यावर येताना त्यातली गार, जड हवा खाली कोसळून पुढे धावते आणि दाब काही मिनिटांत एक-दोनने चढतो. तोवर पापड-कुरडया गच्चीवरून खाली आलेल्या असायला हव्यात. म्हणून वळवासाठी आकाशच बघायला शिका, आणि तेही पूर्वेचं.

सकाळी सात-आठला मधल्या उंचीवर, एका सपाट पट्ट्यातून वर छोटे बुरुज निघाल्यासारखे ढग दिसले, तर ते दहापर्यंत विरले तरी वहीत लिहून ठेवा. वरची हवा अस्थिर असल्याची ही सर्वात भरवशाची खूण. त्यांचा प्रवासही बघा: इमारतीच्या कडेशी नजर लावून पाच मिनिटं उभं राहा. ते पूर्वेकडून पश्चिमेला सरकत असतील तर दुपारी घाटावर वाढणारा ढगही आपल्याकडे येऊ शकतो. पश्चिमेकडून जात असतील तर तो घाटापलीकडे जाईल. मे महिन्यात सकाळी समुद्राकडून खालून पळत येणारे करडे पुंजके मात्र भरून आल्यासारखे वाटले तरी वळीव आणत नाहीत.

दुपारी दोननंतर मलंगगड, माथेरानच्या मागे बघा. फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे, कडा अगदी रेखीव असलेले मनोरे म्हणजे ढग अजून वाढतोय. माथा सपाट पसरून तंतूतंतू झाला की तो पूर्ण क्युम्युलोनिम्बस, म्हणजे विजांचा गडगडाटी ढग. हात लांब करून मूठ धरा, ती साधारण दहा अंश. बारा किलोमीटर उंच ढगाचा माथा क्षितिजापासून एक मूठ वर असेल तर तो सत्तरेक किलोमीटरवर, म्हणजे घाटावर आहे. दोन मुठी झाल्या की अंतर निम्मं. ताशी तीसच्या वेगाने तिथून तासभर.

येता येता अनेक ढग विरतात, कारण दुपारभर समुद्राकडून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्याने किनाऱ्याकडची खालची हवा थंडावलेली असते. आपल्या बाजूच्या कडा विसकटू लागल्या तर आशा सोडा. त्याच बाजूला नवे रेखीव मनोरे फुटत असतील तर येणार.

दमट हवेचा अंदाज असा: शंभरातून आर्द्रता वजा करा, पाचाने भागा, तो आकडा तापमानातून वजा करा. 34 अंश आणि 60 टक्के असेल तर 26. हा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं तो आकडा. आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या वर असेल तर हे गणित चालतं. तो 24 च्या खाली असताना ढग उंचावरच राहतो. पाऊस वाटेत सुकतो आणि आपल्याला नुसती धूळ आणि वारा मिळतो.

वारा पावसाच्या आधी येतो. 13 मे 2024 ला मुंबई-ठाण्यात धुळीचं वादळच पहिलं आलं. पश्चिमेचा खारा वारा एकदम पडला आणि पूर्वेकडून गार झोत आला, की हातात मिनिटंच उरतात. तेव्हा झाडं, होर्डिंग, पत्र्याच्या शेड यांच्याजवळ थांबू नका. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजून तीनने भागा, ते किलोमीटर. आकडा दहाच्या आत आला की गच्ची सोडा. ‘दामिनी’ ॲप 20 आणि 40 किलोमीटरच्या परिघातल्या विजा दाखवतं, ते सोबत ठेवा.