एसक्यूएल सर्व्हर मेन पीसीवर चालतंय पण काउंटरवरून एरर २६ येते, फॉरमॅट मारू का?

फॉरमॅट मारू नका, आधी हे पूर्ण वाचा.

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: दुकानातला जुना मेन पीसी गेला, विंडोज ११ वाला नवीन आणला, त्यावर एसक्यूएल सर्व्हर २०२२ एक्सप्रेस (बिलिंगचा डेटा सांभाळणाऱ्या प्रोग्रामची मोफत आवृत्ती) टाकलं, बॅकअप रिस्टोर केला आणि मेन पीसीवर बिलिंग व्यवस्थित चालतंय. पण दोन्ही काउंटरवरून एरर २६ येते, नुसता आयपी टाकून बघितला तर १००६०, आणि काउंटरवर नवीन मॅनेजमेंट स्टुडिओ (एसक्यूएल सर्व्हर सांभाळायचा मायक्रोसॉफ्टचा प्रोग्राम) टाकला तर तो सर्टिफिकेटवरून भांडतो. आणि हार्डवेअरवाला म्हणतो विंडोजसकट सगळं परत टाकू.

छोट्या दुकानांच्या, लॅबच्या, पतसंस्थांच्या सिस्टीम बघणं हेच माझं काम आहे आणि या सल्ल्याचा मला खरंच राग येतो, कारण परत टाकल्यावर एक्सप्रेसच्या मूळ सेटिंगा पुन्हा जशाच्या तशा येणार, म्हणजे हीच एरर परत येणार, आणि मधल्या मधे कुणी डेटा फोल्डर उडवला तर वर्षाचा हिशोब गेला. तुमच्या तिन्ही एरर वेगवेगळ्या ठिकाणच्या आहेत आणि प्रत्येक नंबर सांगतोय की कनेक्शन कुठपर्यंत पोचलं आणि कुठे अडलं. तो नंबर वाचला की निम्मं काम झालं समजा.

पहिल्यांदा हे की मेन पीसीवर चालतंय आणि काउंटरवर नाही, हे कसं काय. मेन पीसीवरचं सॉफ्टवेअर त्याच मशीनवरच्या सर्व्हरशी साधारण शेअर्ड मेमरीने बोलतं, त्यात नेटवर्क येतच नाही. म्हणून तिथे चालणं एवढंच दाखवतं की सर्व्हिस चालू आहे आणि डेटाबेस ठीक आहे. एक्सप्रेस एडिशन टाकली की टीसीपी आयपी प्रोटोकॉल (नेटवर्कवरून बोलायची पद्धत) बंद असतो आणि एसक्यूएल सर्व्हर ब्राउझर नावाची सर्व्हिस पण डिसेबल असते. हे मुद्दाम तसं ठेवलेलं आहे, बाहेरून कुणी येऊ नये म्हणून, तुमचं इन्स्टॉलेशन बिघडलेलं नाही.

आता एरर २६. ही येते तेव्हा मेसेजमध्ये शेवटी 'एरर लोकेटिंग सर्व्हर ऑर इन्स्टन्स' असं काहीतरी लिहिलेलं असतं, आणि ती फक्त नावाच्या इन्स्टन्सलाच (पीसीवर टाकलेली एसक्यूएल सर्व्हरची एकेक प्रत म्हणजे इन्स्टन्स) येते, म्हणजे सर्व्हरचं नाव, मग बॅकस्लॅश, मग एसक्यूएलएक्सप्रेस असं तुम्ही देता तेव्हा. डिफॉल्ट, म्हणजे बिननावाच्या, इन्स्टन्सचा पोर्ट (कनेक्शन आत यायचा क्रमांकाचा दरवाजा) १४३३ ठरलेला असतो पण नावाच्या इन्स्टन्सला विंडोज कुठलाही रिकामा पोर्ट देतं आणि तो पुढे कधीही बदलू शकतो, म्हणून काउंटरचा पीसी आधी यूडीपी (टीसीपीसारखीच नेटवर्कची दुसरी पद्धत) १४३४ वर ब्राउझर सर्व्हिसला विचारतो की बाबा एसक्यूएलएक्सप्रेस कुठल्या पोर्टवर आहे. एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत फलाट नंबर विचारतो ना तसं, आणि तुमच्याकडे ती खिडकी बंद आहे. म्हणजे एरर २६ आली तर पासवर्ड, डेटाबेस, बिलिंग सॉफ्टवेअर यांच्याकडे बघायची गरजच नाही, कनेक्शन अजून तिथपर्यंत गेलेलंच नाही.

नुसता आयपी टाकला की काय होतं, तर तो सरळ १४३३ वर जातो, तिथे तुमचं इन्स्टन्स नाहीये, आणि विंडोजचा फायरवॉल (बाहेरून येणारं कनेक्शन अडवणारा पहारेकरी) उत्तरच देत नाही, म्हणून वाट बघून बघून १००६० येते. १००६० म्हणजे पलीकडून काहीच उत्तर नाही, बहुतेक वेळा फायरवॉल किंवा चुकीचा आयपी. त्याऐवजी १००६१ आली तर मशीनने स्पष्ट नकार दिलाय, म्हणजे मशीन सापडलं पण त्या पोर्टवर कुणी ऐकत नाहीये. हा फरक लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. आणि पिंग होतंय म्हणून नेटवर्क ठीक आहे असं धरू नका, पिंगचा पोर्टशी काही संबंध नाही.

करायचं काय, तर मी अशा ठिकाणी ब्राउझरच्या भरवशावर राहतच नाही, पोर्ट पक्का करून टाकतो. मेन पीसीवर एसक्यूएल सर्व्हर कॉन्फिगरेशन मॅनेजर उघडा. विंडोज ११ मध्ये सर्च करून तो पुष्कळदा सापडत नाही, तेव्हा रनमध्ये इंग्रजीत, सगळं जोडून, एसक्यूएलसर्व्हरमॅनेजर१६ डॉट एमएससी टाइप करा (२०१९ असेल तर १६ च्या जागी १५, २०१७ ला १४). त्यात नेटवर्क कॉन्फिगरेशनखाली तुमच्या इन्स्टन्सचे प्रोटोकॉल दिसतील, टीसीपी आयपी एनेबल करा, मग त्याच्याच प्रॉपर्टीजमध्ये आयपी ॲड्रेसेस टॅबवर एकदम खाली आयपी ऑल असतं तिथे जा. डायनॅमिक पोर्टचा रकाना पूर्ण रिकामा करायचा, शून्य पण ठेवायचा नाही कारण शून्य म्हणजे सुद्धा डायनॅमिकच, आणि खाली टीसीपी पोर्टमध्ये १४३३ टाकायचा. त्या पीसीवर एसक्यूएलचं आणखी एखादं इन्स्टन्स १४३३ वर असेल तर दुसरा कुठला तरी रिकामा पोर्ट घ्या. मग एसक्यूएल सर्व्हरची सर्व्हिस रिस्टार्ट करा, नुसतं ओके दाबून काही लागू होत नाही.

कॉन्फिगरेशन मॅनेजर उघडतानाच डब्ल्यूएमआय प्रोव्हायडरशी कनेक्ट होत नाही, इनव्हॅलिड क्लास असं आलं तरी घाबरू नका, आधीचं एखादं एसक्यूएल इन्स्टन्स काढलं की त्याच्याबरोबर ती सामायिक नोंद जाते म्हणून होतं ते. एमओएफकॉम्प नावाची कमांड ॲडमिन म्हणून चालवून एसक्यूएलच्या शेअर्ड फोल्डरमधली डॉट एमओएफ फाइल परत रजिस्टर केली की उघडतो.

पुढचं फायरवॉल. मेन पीसीवर इनबाउंड रूल, टीसीपी, पोर्ट १४३३. इथे एक गोष्ट नवीन पीसीवर फार होते, विंडोज ११ नेटवर्कला पब्लिक समजतं आणि रूल बनवताना आपण फक्त प्रायव्हेटला टिक करतो, मग रूल दिसतोय, एनेबल पण दिसतोय आणि तरी कनेक्शन नाही, माणूस वेडा व्हायची वेळ येते. रूल पब्लिकला लावत बसू नका, नेटवर्क प्रायव्हेट करा, दुकानातलं स्वतःचं नेटवर्क आहे ते. आणि रूलच्या स्कोपमध्ये फक्त आतल्या नेटवर्कचे आयपी ठेवलेत तर अजून चांगलं.

काउंटरवरून तपासायला मॅनेजमेंट स्टुडिओ टाकायची पण गरज नाही. पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन कमांडला मेन पीसीचं नाव आणि पोर्ट १४३३ द्या, शेवटी ट्रू आलं की रस्ता मोकळा. (ही कमांड यूडीपी तपासत नाही, म्हणून ब्राउझरसाठी उपयोगाची नाही.) आणि मला आवडणारी जुनी युक्ती म्हणजे डेस्कटॉपवर एक रिकामी टेक्स्ट फाइल करायची, तिचं एक्स्टेन्शन यूडीएल करायचं आणि डबल क्लिक करायचं, कनेक्शनची खिडकी उघडते, त्यात प्रोव्हायडर एसक्यूएल सर्व्हरचा निवडा, सर्व्हर, लॉगिन, पासवर्ड टाका आणि टेस्ट कनेक्शन दाबा. इथे चाललं आणि बिलिंग चाललं नाही तर दोष बिलिंगच्या कनेक्शन स्ट्रिंगमध्ये (सर्व्हरचा पत्ता आणि लॉगिन लिहिलेल्या ओळीत) आहे, मग सॉफ्टवेअरवाल्याला खात्रीने सांगता येतं.

सर्व्हरचं नाव लिहिताना नाव, स्वल्पविराम, १४३३ असं लिहायचं. स्वल्पविराम हां, कोलन नाही. बाकी सगळीकडे पोर्टला कोलन असतो म्हणून हात तिकडेच जातो. पोर्ट दिला की इन्स्टन्सचं नाव लागतच नाही. आयपी वापरणार असाल तर राउटरमध्ये मेन पीसीचा आयपी राखून ठेवा, नाहीतर एखाद्या दिवशी लाइट जाऊन आल्यावर आयपी बदलेल आणि सकाळी सकाळी गिऱ्हाईक उभं असताना परत हेच.

हे झालं की बहुधा तुम्हाला १८४५६ दिसेल, लॉगिन फेल्ड. ही दिसली तर खूश व्हा, कारण नेटवर्कचा विषय संपला, सर्व्हरने तुम्हाला बघून नाकारलंय. आता या एररमध्ये काउंटरवर स्टेट (नाकारण्याचं कारण सांगणारा आकडा) कायम १ दिसते, खरं कारण मुद्दाम लपवलेलं असतं म्हणजे बाहेरच्याला अंदाज येऊ नये. खरी स्टेट मेन पीसीवरच्या एररलॉग फाइलमध्ये असते, प्रोग्राम फाइल्समध्ये एसक्यूएलच्या इन्स्टन्सच्या लॉग फोल्डरात, नोटपॅडमध्ये उघडते. तिथे ५ असेल तर त्या नावाचं लॉगिनच नाही, ८ म्हणजे पासवर्ड चुकलाय, ३८ म्हणजे मागितलेला डेटाबेस उघडला नाही (नाव चुकलं असेल किंवा परवानगी नसेल), आणि ५८ म्हणजे सर्व्हर फक्त विंडोज ऑथेंटिकेशनवर आहे आणि तुम्ही एसक्यूएलचं लॉगिन देताय. नवीन इन्स्टॉलमध्ये मला ५८ आणि ५ सगळ्यात जास्त भेटतात. ५८ असेल तर मॅनेजमेंट स्टुडिओत सर्व्हर प्रॉपर्टीजमध्ये सिक्युरिटीखाली मिक्स्ड मोड (विंडोज आणि एसक्यूएल दोन्ही लॉगिन चालतात तो) करून सर्व्हिस रिस्टार्ट. एसए (सर्व्हरचं सगळे अधिकार असलेलं) लॉगिन त्यानंतर पण डिसेबलच राहतं, ते वेगळं एनेबल करावं लागतं, पण बिलिंगसाठी एसए वापरूच नका, त्या एका डेटाबेसपुरतं वेगळं लॉगिन करा. काउंटरवरून विंडोज ऑथेंटिकेशनने जायचा प्रयत्न केलात तर डोमेन (सगळ्या पीसींसाठी एकच विंडोज लॉगिन यंत्रणा) नसलेल्या ऑफिसात बऱ्याचदा अनट्रस्टेड डोमेनची १८४५२ येते, तिथे एसक्यूएल लॉगिन हाच सरळ रस्ता.

तुम्ही बॅकअप रिस्टोर केलाय म्हणून एक खास सांगतो. लॉगिन मास्टर नावाच्या सर्व्हरच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये राहतात आणि युझर तुमच्या डेटाबेसमध्ये. जुन्या पीसीचा फक्त बिलिंगचा बॅकअप आणलात तर युझर आला पण त्याचं लॉगिन आलं नाही. मग लोक त्याच नावाचं नवीन लॉगिन बनवतात, तरी डेटाबेस उघडत नाही, कारण नाव सारखं असलं तरी आतला ओळख क्रमांक वेगळा असतो. याला ऑर्फन युझर म्हणतात. ऑल्टर युझर कमांडने त्या युझरला विथ लॉगिन देऊन नवीन लॉगिनला जोडलं की एका ओळीत काम होतं, युझर डिलीट करून परवानग्या परत देत बसायला नको.

आता मॅनेजमेंट स्टुडिओचं सर्टिफिकेट. 'सर्टिफिकेट चेन ज्याने दिली तो विश्वासातला नाही' अशा अर्थाचा तो मेसेज आहे ना? २०२४ मध्ये आलेल्या २० व्हर्जनपासून एन्क्रिप्शन मुळातच मँडेटरी केलंय आणि तुमचा सर्व्हर सुरू होताना स्वतःच स्वतःचं सर्टिफिकेट बनवतो, त्यावर स्टुडिओ भरवसा ठेवत नाही. सर्व्हरमध्ये काही बिघडलेलं नाही, स्टुडिओ कडक झालाय आणि ते बरोबरच आहे. दुकानातल्या आतल्या नेटवर्कवर लॉगिनच्या खिडकीतच ट्रस्ट सर्व्हर सर्टिफिकेटला टिक करा. एन्क्रिप्शन ऑप्शनल करून पण मेसेज जातो पण मग डेटा उघडा जातो, म्हणून टिकवालाच मार्ग घ्या. ओडीबीसी ड्रायव्हर (सॉफ्टवेअरला डेटाबेसशी जोडणारा दुवा) १८ मध्ये पण हाच बदल आहे, त्यामुळे बिलिंगवाल्याने ड्रायव्हर अपडेट केला तर तीच एरर तिकडे दिसू शकते.

तुमचं इन्स्टॉलेशन झालंय म्हणून तुम्ही सुटलात, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाची विंडोज ११ च्या नवीन लॅपटॉपवर एसक्यूएलची सर्व्हिसच सुरू होत नसेल, इन्स्टॉल शेवटी जाऊन स्टार्टअप हँडल सापडलं नाही म्हणत फेल होत असेल, तर ते परत परत इन्स्टॉल करून कधीच जाणार नाही. एसक्यूएल सर्व्हरला डिस्कचा सेक्टर (डिस्कवरचा सगळ्यात छोटा तुकडा) ५१२ किंवा ४०९६ बाइटचा लागतो आणि काही नव्या एसएसडी त्याहून मोठा सांगतात, विंडोज १० तो आकडा पुढे देत नव्हतं, ११ देतं. एफएसयुटिल कमांडने सेक्टर इन्फो बघा, फिजिकल बाइट्स पर सेक्टरच्या ओळींत ८१९२ किंवा १६३८४ दिसलं की हेच कारण. मायक्रोसॉफ्टने यावर रजिस्ट्रीतला उपाय दिलेला आहे, एनव्हीएमई ड्रायव्हरखाली सेक्टर साइझ सक्तीने ४ केबी सांगणारी व्हॅल्यू टाकून पीसी रिस्टार्ट करायचा. कॉलेजच्या किती मुलांनी यापायी विंडोज परत टाकलं असेल देव जाणे.

शेवटचं आणि हे कळकळीने सांगतो, घरून रिपोर्ट बघता यावेत म्हणून कुणी राउटरवर १४३३ किंवा १४३४ बाहेर उघडा म्हणालं तर नाही म्हणा. जानेवारी २००३ मध्ये स्लॅमर नावाचा वर्म (आपोआप पसरणारा घातक प्रोग्राम) याच यूडीपी १४३४ मधून पसरला होता, ३७६ बाइटचं एक पॅकेट, आणि दहा मिनिटांत जगातले बहुतेक कच्चे सर्व्हर पकडले होते, पॅच त्याच्या सहा महिने आधी आलेला असताना. ते भोक केव्हाच बुजलं, पण एसएचा पासवर्ड अंदाजाने मारत बसणारे प्रोग्राम आजही इंटरनेटवर रात्रंदिवस फिरतात, उघडा १४३३ दिसला की एररलॉग १८४५६ ने भरून जातो. घरून बघायचं असेल तर व्हीपीएन (बाहेरून दुकानाच्या नेटवर्कात यायचा सुरक्षित रस्ता) लावून घ्या.

तर आज दुकान बंद झाल्यावर आधी डेटाबेसचा बॅकअप काढून पेन ड्राइव्हवर घ्या, मग टीसीपी, पोर्ट, रिस्टार्ट, फायरवॉल या क्रमाने करा. अडलात तर काउंटरवर दिसलेला नंबर आणि त्याच वेळच्या एररलॉगच्या शेवटच्या ओळी इथे टाका, लॉगिनचं नाव आणि बाहेरचा आयपी खोडून.