चाकामागून : काळी छत्री, पिवळे ठिपके

प्रश्न : काका, आमचे घर गोव्यात धारगळला, हायवेजवळ. सासरे ७२ वर्षांचे. कार्तिकात पहाटे पाचला काकडआरतीसाठी हायवेच्या कडेने चालत देवळात जातात. अंगात चॉकलेटी स्वेटर, डोक्याला काळी कानटोपी. काही सांगायला जावे तर म्हणतात, ‘गाडीचा लाइट मला लांबून दिसतो, मग मी ड्रायव्हरला दिसणार नाही का?’ माझा मुलगा त्याच वेळी सायकलवरून पाव घालायला निघतो. दोघांनी कुठल्या बाजूने जावे? रस्त्याचे दिवे दोन महिने बंद आहेत.
– एक वाचक, धारगळ

उत्तर : ताई, बस हातात येईपर्यंत मीसुद्धा तुमच्या सासऱ्यांसारखाच विचार करायचो. गाडी त्यांना दिसते कारण तिला दिवा आहे. त्यांना कुठे आहे? लाइट डिपरवर, म्हणजे झोत खाली असला की काळोख्या कपड्यांतला माणूस मला पंचवीस-तीस मीटरवर आल्यावर दिसायचा. ताशी ६० किलोमीटरने गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. माणूस दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक-दीड सेकंद जातो, म्हणजे ते अंतर तिथेच संपले. समोरून कोणी हायबीम मारत आला तर तेवढेही दिसत नाही.

एका जुलैत, पहाटेच्या पावसात, माझ्या बसचा डावा आरसा काळ्या छत्रीला लागला. आधी छत्री उडाली, मग खाली माणूस होता हे कळले! तो गटाराच्या कठड्यावर बसून मला शिव्या घालत होता. त्या शिव्या ऐकून मला किती बरे वाटले म्हणून सांगू. तोही माझ्याच दिशेने चालला होता, गाड्यांकडे पाठ करून.

म्हणून फुटपाथ नसेल तिथे सासऱ्यांनी उजव्या कडेने चालायचे, येणाऱ्या गाडीकडे तोंड करून. आपल्याकडच्या हेडलाइटचा झोत डाव्या कडेला जास्त लांब पडतो आणि समोरच्या गाडीची डावी कड तीच. गाडी अंगावर येतेय असे वाटले तर पाऊल बाहेर टाकता येते. फक्त उजव्या आंधळ्या वळणावर थोडे आधीच, सरळ रस्त्यावर, दोन्हीकडे बघून पलीकडे जावे.

मुलाचे उलट. सायकल डावीकडूनच. समोरून साठने गाडी आणि आपण पंधराने, म्हणजे पंच्याहत्तरने जवळ येणार. एका दिशेने असलो तर पंचेचाळीसने. हॅण्डलला पांढरा दिवा, मागे लाल. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पों-पों हॉर्न गावाला उठवतो, पण काच बंद करून एसी लावलेल्या ड्रायव्हरला नाही. मागच्या पाटीवर पोते टाकतात त्याखाली लाल दिवा झाकला जातो, तेवढे बघायला सांगा. बहुतेकांचा झाकलेलाच असतो. आणि पेडलचे पिवळे रिफ्लेक्टर काढू नका. काळोखात दोन पिवळे ठिपके वर-खाली होताना दिसले की सायकल दिसायच्या आधीच मी म्हणायचो, पोदेर आला. स्थिर ठिपका मैलाच्या दगडाचाही असतो. हलणारा म्हणजे जिवंत माणूस.

दिव्यांचे : बंद खांबाचा नंबर टिपून विद्युत खात्याला १९१२ वर कळवा, तीच तक्रार पंचायतीत लेखी द्या आणि पोच घ्या. नंबराशिवायची तक्रार ‘कुठला खांब?’ म्हणून परत येते.

सासरे चमकणारे जाकीट घालणार नाहीत हे मला ठाऊक आहे. आमच्या वडिलांना दिले तर म्हणाले, मी रस्त्याचा मुकादम आहे का? पण काठी घेऊनच जात असतील ना? सायकलच्या दुकानात चमकणारी पट्टी मिळते. काठीच्या खालच्या टोकाला वीतभर गुंडाळा आणि दोन तुकडे चपलांच्या टाचांमागे. चालताना हलतील. हे रात्री, ते झोपल्यावर करा. विचारायला जाऊ नका.