बिल्डरच्या कागदावरचे १६० डॉलर

प्रश्न : ताई, आम्ही बारा वर्षं एडिसनला (न्यू जर्सी) राहतो. दोघांचा मिळून पगार वर्षाला १,६०,००० डॉलर, मुलं दोन, दोघंही शाळेत. घराचा प्रॉपर्टी टॅक्स १०,४०० डॉलर. ह्यांना ह्यूस्टनला बदली मिळतेय. माझ्या कंपनीचंही तिथे ऑफिस आहे, त्यामुळे पगार तोच राहील. केटीजवळ एका नव्या वसाहतीत ४,५०,००० चं घर बघून ठेवलंय. बिल्डरने दिलेल्या कागदावर टॅक्स लिहिलाय महिन्याला १६० डॉलर, आणि टेक्ससमध्ये पगारावर स्टेटचा टॅक्स नाही. ह्यांच्या हिशोबाने वर्षाला साडेतेरा हजार वाचतात. सासूबाई म्हणतात, एवढं फुकट कुणी देत नाही. बरोबर कोण? शिवाय जर्सी सोडताना ‘एक्झिट टॅक्स’ भरावा लागतो म्हणतात, ते खरं का?

उत्तर : सासूबाई.

तुमच्या ह्यांची बेरीज चुकलेली नाही, कागद चुकीचा धरलाय. वर्षाला १,९२० डॉलर टॅक्स हा साडेचार लाखांच्या घराचा असूच शकत नाही. तो नुसत्या प्लॉटचा आहे. टेक्ससमध्ये १ जानेवारीला जागेवर जे उभं असेल त्याची किंमत धरतात. घर मार्चमध्ये बांधून झालं, तर त्या वर्षीचं बिल जमिनीचंच. प्लॉट ८०,००० चा धरला तर दर निघतो २.४ टक्के, आणि तिकडच्या नव्या वसाहतींत तो तसा असतोच. कारण शाळा आणि काउंटी यांच्या टॅक्सच्या जोडीला पाणी आणि सांडपाण्याचे नळ टाकण्यासाठी काढलेल्या कर्जाचा टॅक्स असतो. बिलावर तो ‘एम.यू.डी.’ नावाने येतो. घर घेण्याआधी ही तीन अक्षरं कागदावर शोधा.

हे मी शहाणपणाने सांगत नाहीये. २०१२ साली आम्हीही ह्यूस्टनच्या बाहेर असंच नवं घर घेतलं. दुसऱ्या वर्षी कर्ज देणाऱ्या कंपनीचं एक पातळ पाकीट आलं : एस्क्रोत (घराच्या हप्त्याबरोबर टॅक्सचे पैसे साठवायच्या खात्यात) खड्डा पडलाय, हप्ता वाढतोय. मला वाटलं, फसवाफसवी आहे. चाळीस मिनिटं फोन कानाला लावून बसले, भांडायच्या तयारीने. पलीकडची मुलगी शांतपणे म्हणाली, “मॅडम, गेल्या १ जानेवारीला तिथे घर नव्हतंच.” त्या वर्षीची दिवाळीची तिकिटं आम्ही रद्द केली. टॅक्स रिटर्न भरायच्या धंद्यात मी त्यानंतरच शिरले, बहुधा त्या मुलीमुळे.

आता तुमचं गणित. शाळेच्या टॅक्ससाठी राहत्या घराच्या किमतीतून १,४०,००० वजा होतात. ही सूट २०२३ मध्ये एक लाखावर नेली होती, २०२५ च्या मतदानात आणखी वाढली. शाळेचा दर १.१ टक्के आणि बाकी सगळं मिळून १.३ टक्के धरलं, तर पूर्ण बिल सव्वानऊ हजारांच्या आसपास येतं. जर्सीत तुम्ही घराचे १०,४०० आणि पगारावर स्टेटला सुमारे ५,२०० भरता. म्हणजे १५,६०० च्या जागी ९,२५०. वाचतात ते साडेसहा हजारांच्या आत-बाहेर, साडेतेरा नव्हे. वाईट नाहीत, पण कपडे घेताना जर्सीत सेल्स टॅक्स नसतो आणि तिकडे सव्वाआठ टक्क्यांपर्यंत लागतो, हेही त्यातूनच जाणार.

माझी खरी काळजी दुसऱ्या वर्षाची आहे. एस्क्रोत महिन्याला १६० प्रमाणे पैसे जमले आणि बिल आलं ९,२५० चं, तर कंपनी पुढच्या बारा महिन्यांत मागचा खड्डाही भरून घेते आणि चालू वर्षाचेही पैसे घेते. हिशोब करून बघा, महिन्याला बाराशे डॉलर जास्त. म्हणून पहिल्या महिन्यापासून सहाशे-साडेसहाशे वेगळ्या खात्यात टाका, किंवा कंपनीलाच सांगा की एस्क्रो पूर्ण किमतीवर धरा.

राहत्या घराची सूट आपोआप लागत नाही. काउंटीच्या अप्रेझल डिस्ट्रिक्टकडे (टॅक्ससाठी घरांची किंमत ठरवणाऱ्या कचेरीकडे) अर्ज करावा लागतो आणि तो फुकट असतो. ‘आम्ही भरून देतो, इतके डॉलर पाठवा’ अशी सरकारी दिसणारी पत्रं येतील, सरळ कचऱ्यात टाका. सूट लागली की पुढच्या वर्षापासून टॅक्ससाठी धरलेली किंमत वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त चढत नाही. किंमत अवाच्या सवा वाटली तर १५ मेपर्यंत, किंवा नोटिशीपासून ३० दिवसांत, यातली नंतरची जी तारीख असेल तोवर हरकत घेता येते. शेजारच्या घरांचे भाव आणि भिंतीला गेलेल्या तड्यांचे फोटो घेऊन जा.

आणखी एक, जे कुठल्याच कागदावर नसतं. पगारावरचा टॅक्स पगाराबरोबर खाली येतो. उद्या दोघांपैकी एकाची नोकरी गेली, तर जर्सीचे ५,२०० निम्म्याहून खाली येतील. घरावरचा टॅक्स मात्र नोकरी विचारत नाही. जर्सीतला नाही, केटीतलाही नाही. फरक इतकाच की केटीत तुमचा सगळा भार घरावरच असेल.

‘एक्झिट टॅक्स’ असा वेगळा टॅक्स नाही. जर्सीतलं घर विकताना स्टेट संभाव्य नफ्यावरचा टॅक्स आगाऊ मागते, एवढंच. विकण्याआधीच्या पाच वर्षांपैकी दोन वर्षं तुम्ही त्याच घरात राहिलात, तर नवराबायकोला पाच लाख डॉलरपर्यंतचा नफा माफ असतो. त्यासाठी क्लोजिंगच्या, म्हणजे विक्रीच्या शेवटच्या सह्यांच्या, वेळी ‘जी.आय.टी./रेप-३’ हा फॉर्म द्यायचा. वकिलाला आधी आठवण करा.

प्रश्न : मी जर्सी सिटीत भाड्याने राहतो, भाडं महिन्याला २,०००. स्वतःचं घर नाही, मग प्रॉपर्टी टॅक्सशी माझा संबंध काय?

उत्तर : तुम्ही तो भरताच, घरमालकाच्या हातून. जर्सीला हे मान्य आहे : भाड्याचा १८ टक्के भाग प्रॉपर्टी टॅक्स समजून स्टेटच्या रिटर्नमध्ये वजा करता येतो. तुमचे वर्षाचे ४,३२० झाले. पगार नव्वद हजारांच्या घरात असेल तर साधारण २७५ डॉलर वाचतील. शिवाय प्रॉपर्टी टॅक्सचा भार हलका करणाऱ्या स्टेटच्या ‘अँकर’ योजनेत दीड लाखापर्यंत उत्पन्न असलेल्या भाडेकरूंना २०२४ या वर्षासाठी ४५० डॉलर ठेवले होते. पण भाडेकरारावर नाव तुमचं हवं. माझ्याकडे येणाऱ्या पोरांपैकी अर्ध्यांचं नाव तिथे नसतं, रूममेटचं असतं.