खान्देशातून कोकणात गळ टाकायला जाणारे आपण तिथले मासे टिकावेत म्हणून काय करू शकतो?

भाऊ, प्रश्न भारी विचारला, मीपण जळगावचाच, गिरणेवर गळ टाकायला शिकलो आणि आता वर्षातून दोनदा मित्रांबरोबर कोकणात जातो. सगळ्यात आधी म्हणजे छोटा मासा सोडायचा. 2023 मध्ये पापलेट आपल्या राज्याचा मासा झाला, आणि त्याच वर्षी सरकारने 54 जातींसाठी कमीत कमी किती लांबीचा मासा पकडायचा ते ठरवून दिलं, पापलेटचं माप 135 मिमी आहे, म्हणजे साधारण वीतभरही नाही. एक अंडं घालायच्या आधीच मासा संपवला तर पुढची पिढी येणार कुठून?

सोडताना पण नीट सोडा. कोरड्या हाताने धरला की अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग त्याला रोग लागतो, म्हणून आधी हात समुद्राच्या पाण्यात ओले करायचे. मी तर गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबूनच टाकतो, एका झटक्यात सुटतो. फार आत गिळला असेल तर ओढाताण करू नका, तोंडाजवळ तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) कापा आणि सोडून द्या.

आणि तुटलेला तंगूस खडकावर टाकून येऊ नका रे! वर्षानुवर्षं कुजत नाही, खेकडे, पक्षी, कासवं त्यात अडकतात. मी खिशात रिकामी बाटली ठेवतो, सगळे तुकडे त्यात.

1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, हा बऱ्याच माशांच्या विणीचा काळ, तेव्हा आपणही घरीच थांबलेलं बरं.