४२९४९६७२९७ ही मूळ संख्या आहे का? १०० पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघितलं, कशानंच भाग जात नाही

नाही भावा, मूळ नाही. ६४१ नी भागून बघ, बरोबर ६७००४१७ येतात, बाकी शून्य. तू १०० वर थांबलास त्याचं वाईट वाटून घेऊ नको, ह्या आकड्यानं फर्मासारख्या मोठ्या गणितज्ञाला गंडवलंय.

हा आकडा म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १. फर्मानं १६४० च्या सुमारास असल्या संख्यांची ओळच मांडलेली: ३, ५, १७, २५७, ६५५३७, प्रत्येक वेळी वजा १ करायचा, वर्ग करायचा आणि परत १ मिळवायचा. ह्या पाचही मूळ, मग त्याला वाटलं पुढच्या पण सगळ्या मूळच असणार. आणि पुढचीच ही तुझी, चार अब्ज एकोणतीस कोटीची, तिथंच गाडी घसरली. १७३२ मध्ये ऑयलर ह्या गणितज्ञानं ६४१ शोधून काढला.

मी कोल्हापूरच्या राजारामपुरीत दहावीच्या पोरांचे क्लास घेतो, सहामाही संपली की एक दिवस पोर्शन बाजूला ठेवून हे फळ्यावर करून दाखवतो, कारण एवढा मोठा भागाकार न करताच ६४१ नी भाग जातो हे कळतं आणि पोरं येडी होतात. बघ, ५ गुणिले १२८ म्हणजे ६४०, ६४१ ला एकच कमी, म्हणून बाकी −१ धर (किराणावाल्याच्या वहीत एक रुपया उधार राहतो तसं). आता डावीकडं ५ गुणिले १२८ आणि उजवीकडं −१ ठेव, दोन्हीचा चौथा घात घे, −१ चा झाला १. आता १२८ म्हणजे २ चा ७ वा घात, म्हणजे डावीकडं ५ चा चौथा घात गुणिले २ चा २८ वा घात आहे. पण ५ चा चौथा घात ६२५, तो ६४१ ला १६ नी कमी, म्हणून त्याच्या जागी −१६ टाक. १६ गुणिले २ चा २८ वा म्हणजे २ चा ३२ वा. म्हणजे वजा २ चा ३२ वा घात याची बाकी १, मग २ च्या ३२ व्या घाताची −१, त्यात १ मिळवला की शून्य. नाद खुळा!

६४१ सुचला कुठनं म्हणशील तर ह्या संख्येचा कुठलाही मूळ विभाजक १२८ च्या पटीत अधिक १ असाच असतो, हे ल्युका ह्या गणितज्ञानं नंतर दाखवलं (ऑयलरकडं ६४ ची पट होती). म्हणजे १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१, यातल्या मूळ दोनच, त्यामुळं दुसऱ्याच भागाकाराला सापडतो. तू ज्या २५ मूळ संख्यांनी भागलंस त्यातली एकही चालणारच नव्हती.

६७००४१७ मात्र मूळ आहे. त्याचं वर्गमूळ २५८८ च्या आसपास, तोपर्यंत त्या साच्यातल्या मूळ संख्या पाचच: २५७, ६४१, ७६९, ११५३, १४०९. मोबाईल काढ आणि भागून बघ, एकानंही जात नाही.